‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणण्याआधी

फ्रिजचा दिवा लागतो, पण मागची घरघर बंद. किंवा काही सेकंद जड घुमघुम होते, ‘टक्’ असा आवाज येतो आणि सगळं शांत होतं. चार-पाच मिनिटांनी पुन्हा तीच घुमघुम, पुन्हा तोच टक्. घरातलं कुणीतरी लगेच निकाल देतं, कॉम्प्रेसर गेला. मिस्त्री येतो, मागे हात लावून बघतो, तोही पुष्कळदा तेच सांगतो, आणि काही हजारांचा आकडा समोर येतो. भिवंडीत विणलेल्या कापडाच्या मीटरवर मजुरी मिळणाऱ्या माग कामगाराच्या घराला तो आकडा पेलत नाही. मग फ्रिज एक तर भंगारात जातो, नाही तर भांड्यांचं कपाट होतो.

यातले बरेच फ्रिज वाचू शकतात. सुरू न होणाऱ्या कॉम्प्रेसरचा दोष अनेकदा कॉम्प्रेसरमध्ये नसतोच. तो त्याच्यापर्यंत येणाऱ्या विजेत असतो, किंवा त्याच्या कुशीला बसवलेल्या दोन लहान, स्वस्त सुट्या भागांत असतो. म्हणून कॉम्प्रेसर बदलायचा निर्णय सगळ्यात शेवटी घ्यायचा, आणि तोही मीटरवरचे आकडे डोळ्यांनी बघून. ते आकडे कोणते, ते कसे वाचायचे आणि कोणत्या ठिकाणी आपण थांबून जाणकाराला बोलवायचं, हे इथे सांगतो.

एक गोष्ट आधी. फ्रिजच्या मागे हात घालायचा तर प्लग काढून. स्विच बंद केला म्हणजे झालं, असं धरू नका. जुन्या चाळींत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात आणि स्विच बंद असूनही वायरीत वीज राहते. पायात कोरडी चप्पल, खाली कोरडी फरशी. फ्रिजच्या दाराला किंवा कडेला हात लावल्यावर झिणझिणी येत असेल, किंवा प्लग लावताच एमसीबी पडत असेल, तर पुढचं काहीही घरी करून बघायचं नाही. मोटरचं वायंडिंग (तारेचे वेढे) अंगाला, म्हणजे लोखंडी खोक्याला टेकल्याची ती खूण असू शकते. प्लग काढा आणि मिस्त्रीला बोलवा.

आवाज काय सांगतो

साध्या घरगुती फ्रिजचा कॉम्प्रेसर म्हणजे वेल्डिंग करून कायमचं बंद केलेलं लोखंडी भांडं. आत मोटर, तिला जोडलेला पिस्टन आणि तळाशी तेल. मोटर सिंगल फेजवर चालते, आणि सिंगल फेजची मोटर नुसती वीज दिल्याने आपली आपण फिरायला लागत नाही. तिला पहिला जोर द्यावा लागतो. त्यासाठी चालवणाऱ्या वायंडिंगच्या जोडीला आत एक स्टार्ट वायंडिंग असतं. बाहेरून बसवलेला रिले या स्टार्ट वायंडिंगला क्षणभर वीज देतो आणि मोटरने वेग घेतला की ती तोडतो. रिलेच्या शेजारी ओव्हरलोड नावाची काळी डबी असते. करंट फार वाढला किंवा भांडं फार तापलं की ती सगळीच वीज तोडते. आपल्याला ऐकू येणारा ‘टक्’ हा बहुधा तिचाच आवाज.

थ्री फेजमधली एक फेज गेली की मागाची मोटर जागच्या जागी घुमते आणि तापते, हे भिवंडीतल्या कुठल्याही जॉबरला, म्हणजे मागाच्या मिस्त्रीला ठाऊक असतं. स्टार्ट वायंडिंगला वीज न मिळालेला कॉम्प्रेसर अगदी तसाच वागतो. मध्यम आकाराचा फ्रिज चालू असताना साधारण एक अँपियर किंवा त्याहून कमी करंट घेतो. अडकलेली मोटर त्याच्या कितीतरी पट खेचते. ओव्हरलोडने वीज तोडली नाही, तर वायंडिंग जळायला वेळ लागत नाही.

म्हणून घुमघुम आणि टक् ऐकू आलं की घाबरण्याआधी त्याचा अर्थ लावायचा. कॉम्प्रेसरपर्यंत वीज पोचते आहे. तो फिरायचा प्रयत्न करतो आहे. त्याला काहीतरी अडवतं आहे, आणि ओव्हरलोड त्याला वाचवतो आहे. या अवस्थेत फ्रिज तासन् तास तसाच चालू ठेवणं मात्र घातक. दोन-तीनदा टक् ऐकलं की प्लग काढून ठेवा.

दुसरी अवस्था पूर्ण शांततेची. दिवा लागतो, पण ना घुमघुम, ना टक्. अशा वेळी प्लग काढून कॉम्प्रेसरला वरून हात लावून बघा, जपून, कारण तो चटका बसेल इतका गरम असू शकतो. गरम आणि गप्प असेल तर ओव्हरलोडने वीज तोडली आहे. तासभर थंड होऊ द्या आणि मग पुन्हा ऐका. थंड आणि गप्प असेल, तर त्याच्यापर्यंत वीजच पोचत नाही किंवा ओव्हरलोड वा वायंडिंग यांपैकी एक कायमचं तुटलं आहे. गरम की थंड, ही साधी तपासणी मिस्त्रीचा निम्मा वेळ वाचवते. फोनवर बोलतानाच त्याला ते सांगा.

थंड आणि गप्प फ्रिजच्या बाबतीत काही सोप्या गोष्टी राहून जातात. एका दाराच्या फ्रिजमध्ये थर्मोस्टॅटच्या बटणात मधोमध एक लहान दाबायचं बटण असतं. ते दाबलं की बर्फ वितळेपर्यंत कॉम्प्रेसर मुद्दाम बंद राहतो. मुलांचा हात लागून किंवा आत पातेलं सरकवताना ते दाबलं जातं. थर्मोस्टॅटचं बटण शून्यावर गेलेलं असणं, हेही तितकंच नेहमीचं. बर्फ न धरणाऱ्या, म्हणजे फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये दर काही तासांनी वीस-तीस मिनिटं कॉम्प्रेसर थांबतो आणि आतला हीटर बर्फ वितळवतो. तेवढा वेळ वाट बघायला हवी. तासाभरातही सुरू झाला नाही तर जुन्या मॉडेलमध्ये तो टायमर अडकलेला असू शकतो. आणि उंदीर. भिवंडीतल्या बैठ्या घरांत आणि गोदामांना लागून असलेल्या खोल्यांत फ्रिजमागची वायर कुरतडलेली सापडणं काही नवलाचं नाही. टॉर्च घेऊन वायर टोकापासून टोकापर्यंत बघा.

विजेचा दाब

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे घरगुती पुरवठा 230 व्होल्टचा. त्यात सहा टक्के वर-खाली धरलेलं असतं, म्हणजे साधारण 216 ते 244. मोटरचा सुरू होतानाचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, आणि खरा घोटाळा इथेच होतो. व्होल्टेज 230 वरून 180 वर आलं तर ते बावीस टक्क्यांच्या आसपास उतरतं. पण मोटरचा जोर जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटतो. पंखा अशा वेळी हळू का होईना फिरतो. कॉम्प्रेसरसमोर गॅसचा दाब असतो, तो तिथेच अडतो.

वीज बरोबर आहे हे सांगताना आपण पुरावा देतो तो असा: ‘अहो, दिवा तर लख्ख लागतोय, मोबाइलही चार्ज होतोय.’ या दोन्हींवर विसंबू नका. मोबाइलचा चार्जर 100 व्होल्टपासून 240 पर्यंत कशावरही चालतो, आणि बऱ्याच एलईडी दिव्यांचा उजेड व्होल्टेज खूप उतरलं तरी कमी होत नाही. पूर्वी पिवळा बल्ब मंदावला की व्होल्टेज पडल्याचं घरातल्या सगळ्यांना कळायचं. आता ती खूण राहिली नाही. म्हणून मल्टिमीटर लागतो, किंवा सॉकेटमध्ये खुपसायचा छोटा आकडे दाखवणारा व्होल्टमीटर. तो काही शे रुपयांत मिळतो आणि भिवंडीसारख्या गावात प्रत्येक घरात असावा, असं माझं आग्रहाचं मत आहे.

मोजायचं कसं, हे त्याहून महत्त्वाचं. नुसतं सॉकेटमध्ये मोजून 220 आले म्हणून समाधान मानू नका. फ्रिज लावा, कॉम्प्रेसर घुमायला लागण्याच्या क्षणी आकडा कुठे उतरतो ते बघा. आधी 220 आणि घुमताना 212 असेल तर पुरवठा ठीक आहे, दोष फ्रिजकडे. आधी 220 आणि घुमताना 175 असेल तर दोष घराच्या वायरिंगमध्ये आहे: सैल सॉकेट, काळी पडलेली पिन, वळवून टेप लावलेला जोड किंवा बारीक वायरचं लांबलचक एक्स्टेन्शन. अर्ध्या चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचं वीस मीटर एक्स्टेन्शन घेतलं, तर जाण्या-येण्याची चाळीस मीटर वायर होते आणि दहा अँपियरच्या ओढीला चौदा-पंधरा व्होल्ट तिच्यातच जातात. एकेका सैल जोडाचे वेगळे. फ्रिजला भिंतीतलं स्वतःचं सॉकेट हवं, एक्स्टेन्शन नको. पिठाची गिरणी, मिक्सर, पाण्याची मोटर त्याच बोर्डावर नको.

आणि फ्रिज लावण्याआधीच 185 दिसत असतील, तर प्रश्न घराबाहेरचा. भिवंडीत हे काही अनोळखी नाही. घराच्या भिंतीला भिंत लावून मागाचे कारखाने, एका मीटरवर तीन-तीन खोल्या भाड्याने दिलेल्या आणि अंजूरफाट्यापासून मानकोलीपर्यंत वाढत गेलेली गोदामं. 2007 च्या जानेवारीत महावितरणने इथलं वितरण फ्रँचायझी पद्धतीने टोरंट पॉवरकडे दिलं. देशात असा प्रयोग पहिल्यांदा झाला तो याच गावात. भारनियमनाच्या दिवसांच्या तुलनेत चित्र बदललं आहे, पण तुमच्या गल्लीतली, तुमच्या इमारतीतली, तुमच्या मीटरपेटीतली वायर ही वेगळीच गोष्ट असते. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमाराला आठवडाभर आकडे वहीत लिहा. शेजाऱ्याकडेही तसंच आहे का ते विचारा. शेजारी 225 आणि तुमच्याकडे 185, तर दोष तुमच्या मीटरपासून आतला. दोघांकडेही कमी, तर ही वही घेऊन वीज कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि नोंदणी क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तिथे नुसत्या तक्रारीपेक्षा तारीखवार आकड्यांना वजन असतं.

उलटा धोकाही आहे. इमारतीच्या मुख्य वायरीतला न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला, तर काही घरांत व्होल्टेज पार उतरतं आणि काही घरांत 300 च्या वर चढतं. पंखे अचानक भन्नाट फिरू लागले, दिवे फुटू लागले, तर मुख्य स्विच तत्काळ बंद करा. फ्रिजचा बोर्ड, स्टॅबिलायझर, टीव्ही या सगळ्यांचा घात याच प्रसंगी होतो.

स्टॅबिलायझरबद्दल थोडंसं. वीज आल्यावर तीन-एक मिनिटं तो मुद्दाम फ्रिजला वीज देत नाही. ती सोय आहे, बिघाड नव्हे. पण स्टॅबिलायझर स्वतःही बिघडतो. समोरच्या आकड्यावर 220 दिसत असताना त्याच्या मागच्या सॉकेटात काहीच येत नसेल, तर दोष त्याचा. मोजताना बाहेर पडणारं व्होल्टेज मोजा. घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर फ्रिज लावणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर नुसता घुमतो, तापतो आणि थांबतो. ती वीज पंख्या-दिव्यांसाठीच ठेवा.

आणखी एक, जे रोज घडतं. वीज गेली आणि मिनिटाभरात परत आली. गॅसच्या दोन बाजूंचा दाब समान व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात, आणि रिलेतली चकती थंड व्हायलाही तितकाच वेळ लागतो. तेवढ्यात वीज आली की कॉम्प्रेसर दाबाविरुद्ध उठायला बघतो आणि पडतो. म्हणून वीज गेली की फ्रिजचा स्विच बंद करायचा आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावायचा. एवढी सवय पुष्कळ कॉम्प्रेसरांचं आयुष्य वाढवेल.

दोन लहान डब्या

पुरवठा ठीक निघाला, पाच मिनिटं थांबूनही घुमघुम-टक् चालूच राहिलं, की पाळी रिलेची. विजेचं काम सवयीचं असेल तरच इथून पुढे जा. नसेल तर मिस्त्री काय करतो आहे ते कळावं म्हणून वाचा. प्लग काढलेला असू द्या. कॉम्प्रेसरच्या बाजूला प्लास्टिकचं झाकण असतं, ते क्लिप सैल केली की निघतं. आत रिले तीन पिनांवर घट्ट बसवलेला असतो. कपॅसिटर असेल तर त्याच्या दोन टोकांना बोट लावू नका, त्यात वीज साठून राहते. सगळ्याचा मोबाइलवर फोटो काढून मगच वायरी सोडवा.

हल्लीच्या रिलेत नाण्याएवढी एक चकती असते, तिला पीटीसी म्हणतात. थंड असताना तिच्यातून वीज सहज जाते, तापली की तिचा रेझिस्टन्स हजारोंत जातो आणि स्टार्ट वायंडिंग आपोआप सुटतं. काढलेला रिले कानाशी धरून हलवा. आत खुळखुळ वाजलं तर चकती फुटली आहे. जळका वास, काळा डाग, वितळलेलं प्लास्टिक दिसलं तर वेगळी चाचणी नको. तसं काही नसेल तर थंड रिलेच्या दोन टोकांमध्ये ओहम मोजा. साधारणपणे दहापासून पन्नासपर्यंतचा आकडा यायला हवा. अनंत आलं किंवा शेकडोंत आलं तर रिले गेला. ओव्हरलोडचं त्याहून सोपं: थंड असताना दोन टोकांत जवळजवळ शून्य ओहम. तासभर थंड करूनही अनंत दाखवत असेल तर तो खराब.

या दोन्ही भागांची किंमत शेकड्यांत असते. धामणकर नाक्याच्या आसपास किंवा कल्याणच्या बाजारात सुटे भाग विकणारे सहज सापडतात. जाताना जुना भाग आणि कॉम्प्रेसरवरच्या लेबलचा फोटो बरोबर न्या. ओव्हरलोड कॉम्प्रेसरच्या ताकदीप्रमाणे वेगवेगळा असतो. मोठा बसवला तर मोटर जळेपर्यंत तो तुटणार नाही, आणि लहान बसवला तर चांगला कॉम्प्रेसरही टक् टक् करत राहील. ‘सगळ्याला चालतो’ म्हणून मिळणारा रिले फक्त चाचणीपुरता वापरावा, कायमचा नको.

कॉम्प्रेसरचा खरा जबाब

रिले आणि ओव्हरलोड काढले की कॉम्प्रेसरच्या अंगावर तीन पिना उघड्या दिसतात: कॉमन, स्टार्ट आणि रन. मिस्त्रीने तुमच्यासमोर या तीन पिनांची तीन मापं घ्यायला हवीत. हिशेब साधा आहे. कॉमन ते रन सगळ्यात कमी, कॉमन ते स्टार्ट त्याहून जास्त, आणि स्टार्ट ते रन म्हणजे त्या दोघांची बेरीज. समजा 14 आणि 22 ओहम आले, तर तिसरं 36 च्या जवळ यायला हवं. प्रत्येक कॉम्प्रेसरचे आकडे वेगळे, पण बेरीज जुळली पाहिजे. जुळली तर वायंडिंग बहुधा शाबूत आहे. एखाद्या जोडीत अनंत आलं तर ते तुटलं आहे. मात्र कॉम्प्रेसर गरम असेल आणि त्याच्या आत संरक्षक कळ असेल तरी तसंच दिसतं, म्हणून थंड करून पुन्हा मोजायचं. बेरीज जुळत नसेल तर दोन वायंडिंगचे वेढे एकमेकांत भाजलेले असू शकतात.

चौथं माप प्रत्येक पिन आणि कॉम्प्रेसरचं रंग खरवडलेलं लोखंड यांच्यातलं. साध्या मीटरवर अनंत आलं तरी खात्री मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने करावी. दोन मेगाओहमच्या खाली आलं तर तो कॉम्प्रेसर घरात चालवू नये, मग तो कितीही छान थंड करत असो. शॉकशी तडजोड नाही.

चारही मापं बरोबर, रिले नवा, पुरवठा 225, आणि तरीही कॉम्प्रेसर घुमून बसतो, तेव्हाच तो आतून जाम झाला असं म्हणता येतं. लाकडाच्या ठोकळ्याने हलकी थाप मारून किंवा स्टार्ट कपॅसिटर लावून मिस्त्री त्याला कधी कधी उठवतात. अशाने उठलेला कॉम्प्रेसर किती दिवस चालेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. पैशांची सोय होईपर्यंतचा तो अवधी समजावा.

‘गॅस संपलाय, म्हणून सुरू होत नाही,’ असं कुणी म्हणालं तर ते मान्य करू नका. साध्या फ्रिजमध्ये गॅस गळाला तरी कॉम्प्रेसर चालू होतो, उलट न थांबता चालतच राहतो, फक्त थंड होत नाही. सुरूच न होणं हा विजेचा किंवा मोटरचा प्रश्न आहे. या एका वाक्यावर गॅस भरायचे अनाठायी पैसे वाचतील.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरची गोष्ट निराळी. त्याच्या तिन्ही पिनांमधली तिन्ही मापं जवळजवळ सारखी येतात आणि त्याला वीज देतो तो बोर्ड. अशा कॉम्प्रेसरला चाचणीसाठी थेट 230 व्होल्ट देणं म्हणजे चांगला असला तरी त्याचा नाश करणं. दुरुस्ती करणाऱ्याने तसं करायला घेतलं तर तिथेच थांबवा. बोर्डावरचा लहान दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, तो दोषाचा संकेत असतो. त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून कंपनीच्या तंत्रज्ञाला दाखवा. बोर्डावर झुरळं, पाली शिरून शॉर्ट होणंही या गावात चालूच असतं.

लेबलवर गॅसचं नाव जरूर वाचा. आर-12 वापरणारे जुने फ्रिज अजून कुठे कुठे चालू आहेत. ओझोनचा थर वाचवण्याच्या मॉन्ट्रियल करारानुसार तो गॅस 2010 पर्यंत आपल्याकडे बंद झाला. मधल्या काळातल्या फ्रिजमध्ये आर-134ए. नव्या बहुतेक फ्रिजमध्ये आर-600ए, म्हणजे आयसोब्यूटेन: सिलेंडरमधल्या गॅससारखाच पेट घेणारा आणि हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत साचणारा. लहान फ्रिजमध्ये तो जेमतेम पन्नास ग्रॅमच्या आसपास असतो, पण बंद खोलीत, पेटत्या गॅसबत्तीसमोर नळी कापली तर तेवढाही भडकतो. असा फ्रिज उघडण्याआधी खिडक्या-दारं उघडी, देवघरातला दिवा आणि स्वयंपाकाची शेगडी बंद, मुलं बाहेर. कॉम्प्रेसर बदलायचाच तर त्याच गॅसचा आणि त्याच ताकदीचा. जोडीला नवा फिल्टर, व्हॅक्यूम पंपाने रिकामी केलेली लाइन, आणि गॅस अंदाजाने नव्हे तर काट्यावर तोलून. आर-600ए च्या जागी आर-134ए किंवा त्याउलट, असला प्रयोग करू देऊ नका. जुन्या बिलावर कॉम्प्रेसरची वॉरंटी बाकीच्या फ्रिजपेक्षा वेगळी आणि बरीच लांब असते; पैसे देण्याआधी ते बिल शोधा. कंपनी वॉरंटी नाकारत असेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

या गावाची तीन दुखणी

मागाच्या शेजारच्या घरांत सुताची बारीक लव सगळीकडे उडते. फ्रिजच्या मागच्या जाळीवर आणि कॉम्प्रेसरभोवती ती गोधडीसारखी जमते. उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर तापतो, ओव्हरलोड पडतो आणि दुपारच्या उन्हात फ्रिज ‘सुरूच होत नाही’. रात्री मात्र सुरू होतो. पद्मानगर, शांतीनगर, गैबीनगरात असं दुपारचं दुखणं दिसलं तर आधी ब्रशने मागची बाजू साफ करा, महिन्यातून एकदा, प्लग काढून. नव्या फ्रिजची जाळी कडेच्या पत्र्यात दडलेली असते, तरी कॉम्प्रेसरभोवती लव साचतेच. भिंतीपासून वीतभर जागा सोडा.

दुसरं दुखणं सणांचं. बकरी ईदला गरम, ताजं मटण एकदम भरलं जातं, लग्नसराईत दुधाची आणि श्रीखंडाची भांडी. कॉम्प्रेसर तासन् तास थांबत नाही, त्यातच संध्याकाळी व्होल्टेज उतरतं आणि एकदा थांबलेला तो पुन्हा उठत नाही. मटण आधी निवू द्या, मग थोडं थोडं करून ठेवा, आणि पिशव्यांमध्ये हवा फिरायला जागा ठेवा.

तिसरं पावसाचं. कामवारीला पूर आला की नदीनाका, ईदगाह, खाडीपार, तीन बत्ती या भागात घरांत पाणी शिरतं. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर किती फ्रिज घराबाहेर काढावे लागले असतील. पाणी कॉम्प्रेसरपर्यंत चढलं असेल तर ओसरल्यावर उत्साहाने प्लग लावू नका. कॉम्प्रेसरचं भांडं बंद असतं, त्याच्या आत सहसा पाणी जात नाही. पण पिना, रिले, वायरींचे जोड आणि बोर्ड भिजलेले असतात आणि पुराच्या पाण्यात गाळ-क्षार असतात. झाकण काढून स्वच्छ पाण्याने गाळ धुवायचा, दोन-तीन दिवस उन्हा-वाऱ्यावर वाळवायचं, रिले आणि ओव्हरलोड नवे बसवायचे, मेगरने माप घ्यायचं आणि मगच वीज. पावसाचा अंदाज असेल तर फ्रिजखाली दोन विटांचा थर देऊन ठेवा.

फ्रिज बंद असेपर्यंत दार उघडू नका. बंद दाराआड खालचा कप्पा सुमारे चार तास सुरक्षित थंड राहतो, आणि गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवसांच्या आसपास. घरात इन्सुलिन असेल तर चिंता वेगळी आहे. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची असते. फ्रिज दुरुस्तीला जाणार असेल तर औषधाच्या दुकानात किंवा शेजारच्या फ्रिजमध्ये ती आधी हलवा. वापरातली बाटली ओल्या मातीच्या मडक्यात, प्लास्टिकच्या डबीत घालून, सावलीत ठेवता येते. ती किती दिवस चालेल ते पाकिटावर लिहिलेलं असतं. बर्फाला टेकवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

दुरुस्ती झाली की मिस्त्रीला क्लॅम्प मीटरने चालू करंट मोजायला सांगा आणि तो लेबलवरच्या करंटशी ताडून बघा. बदललेला जुना भाग मागून घ्या. बिलावर भागाचं नाव, कॉम्प्रेसरचा नंबर, गॅसचं नाव आणि वजन, हमीचा कालावधी आणि तारीख लिहून घ्या. पहिले दोन-तीन तास फ्रिज रिकामा चालवा, कॉम्प्रेसर आपोआप थांबतो आणि पुन्हा आपोआप उठतो हे बघा. तसं तीन-चार वेळा झालं, की सामान भरायला हरकत नाही.